उन्हाची बाजू

नागोयातला घरांचा एजंट मोठ्या कौतुकाने दक्षिणमुखी फ्लॅटच दाखवायचा. "आपण उत्तर गोलार्धात आहोत. थंडीत ऊन दक्षिणेकडूनच येणार," अनघा नवऱ्याला सांगून थकली. पण पुण्याहून सासूबाईंनी आयएसडी करून बजावलं होतं, दक्षिणमुखी वास्तू अशुभ! मग काय, विजयकुमारने हट्टाने उत्तरमुखी फ्लॅट घेतला. हिवाळाभर कपडे वाळेनात, भिंतींना बुरशी आली, अनघाचा खोकला हटेना.

थंडी सरल्यावर सासूबाई होकायंत्र घेऊन आल्या आणि उंबऱ्यातच किंचाळल्या. दार थेट दक्षिणेला! विजयकुमारने तावातावाने एजंटला बोलावलं.

एजंट कमरेत वाकून म्हणाला, "विजयकुमार-सान, आम्ही घराची दिशा दारावरून नाही, बाल्कनीवरून सांगतो. तुम्ही नाकारलेल्या सगळ्या फ्लॅटची दारं उत्तरेलाच होती."