ताराचंद विजयी

वेबपेजवरचा मजकूर आपल्या स्क्रीनपुरता बदलवायचा कसा, हे कंप्युटरच्या वर्गात शिकल्याबरोबर दामिनीनं मोबाइलवर एक बातमी उघडली अन् बापाला सरपंच करून टाकलं: 'ताराचंद विजयी, सुखराम पराभूत.' स्क्रीनशॉट गावभर फिरला. ताराचंदच्या माणसांनी फटाके फोडले, सुखरामच्या माणसांनी लाठ्या काढल्या. तलावाच्या पाळीवर डोकी फुटली, सुखरामचा हात मोडला, ताराचंदचे पुढचे दात गेले. सोडवायला आलेल्या कंप्युटरच्या मास्तरला दोन्हीकडून चोप बसला.

दवाखान्यात बाजूच्या खाटेवरून ताराचंद फुसफुसला, "काऊन रडून राहिला बे सुखराम? हरला त हरला!"

"मतं चोरले तुनं!"

दामिनी हुंदके देत बोलली, "बाबा, ते मिनंच बदलवलं जी. मतदान त उद्या हाये!"

दोघांनी आपापलं बोट पाहिलं. रक्त होतं, शाई नव्हती.