गाडीचं तोंड

नाल्याच्या फरशी पुलावरून पाणी वाहत होतं आणि योगेंद्रचा पाय काही केल्या ब्रेकवरून निघेना.

इथे थेंबही पडला नव्हता. पाऊस झाला होता वर सातपुड्यात, आणि त्याचं गढूळ पाणी भरदुपारी खाली उतरलं होतं. तसं फार नव्हतंच, गुडघ्याच्या आत. त्यांच्या डोळ्यांदेखत एक जीप पलीकडे चढली आणि यावलच्या रस्त्याने दिसेनाशीही झाली.

मागच्या सीटवर त्याची आई कमलबाई आडवी होती, डोकं नवऱ्याच्या, रुपचंदच्या मांडीवर. केळीच्या बागेत वाळली पानं काढताना पोटरीला नाग चावला होता. पाय हलू नये म्हणून फळी बांधली होती. रुग्णवाहिका नेमकी भलत्याच गावाला गेलेली. दवाखाना यावलला, म्हणजे या पाण्याच्या पलीकडे.

"कायले थांबला रे?" रुपचंद मागून ओरडला. "जीप गेली ना आता! घाल गाडी!"

योगेंद्रने बोनेटकडे बोट दाखवलं.

"नाना, पाणी ओढेल ती."

"कोन?"

"गाडी. तिचं हवा घ्यायचं तोंड मी खाली घेतलंय. पार बंपरच्या मागे."

उन्हाळ्यात जळगावला उजैर मिस्त्रीच्या गॅरेजात उभं राहून हौसेहौसेनं करून घेतलं होतं त्याने. कंपनीचा हवेचा डबा काढून टाकला, जाडजूड चकचकीत पाइप बसवला आणि फिल्टर नेला खाली, रस्त्यापासून वीतभर वर. खाली थंड हवा मिळते, इंजिन तुफान पळतं, आणि आवाज तर असा की अख्खी बाजारपेठ वळून बघते! मे महिन्यातल्या जळगावात माणसाला थंड हवेपलीकडे सुचणार तरी काय? पाणी तिथे आठवतं ते फक्त पिण्यापुरतं. मिस्त्रीला आठवलं नाही, योगेंद्रलाही नाही. आता त्या पाइपने घोटभर पाणी जरी आत घेतलं असतं, तरी इंजिन धारेच्या मधोमध कायमचं बसलं असतं.

बाप शिव्या घालेल, थोबाडीत मारेल, असं योगेंद्रला वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं. पण रुपचंदने नुसतं बायकोकडे पाहिलं. तिच्या पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या.

"मंग वर घे ना ते तोंड," तो म्हणाला. इतक्या बारीक आवाजात बापाला बोलताना योगेंद्रने कधी ऐकलं नव्हतं. तो जास्तच घाबरला.

बोनेटखाली सगळं तापलेलं. पाइप दोन तुकड्यांचा, मधे रबराचा जोड, जोडाला दोन क्लिपा. एक सुटली. दुसरीचा स्क्रू नुसता गरगर फिरायला लागला. स्क्रूड्रायव्हर दोनदा निसटला. मागे आईचा श्वास चालू आहे की नाही, पाण्याच्या खळखळाटात काही कळत नव्हतं.

"माय!" त्याने हाक मारली.

"हूं."

पुन्हा हाक मारायची त्याची हिंमत झाली नाही. न जाणो, हूं आलंच नाही तर? त्याने त्या गरम पाइपलाच मिठी मारली, बंपरला पाय लावला आणि जीव खाऊन ओढला. तळहाताची सालटं निघाली, पण खालचा तुकडा फिल्टरसकट हातात आला. वरच्या तुकड्याचं उघडं तोंड त्याने आभाळाकडे वळवलं. सोडलं की ते पुन्हा खाली लोंबायचं.

"सरक." रुपचंद उतरून आला होता. डोक्याचा रुमाल सोडून त्याने पाइपला फास टाकला, घडाने वाकलेल्या केळीला टाकतात तसा, आणि बॅटरीच्या दांडीला आवळून बांधला.

"नाना, फिल्टरबिगर इंजिनात माती जाईल."

"खाऊ दे माती."

रुपचंदने मागे बसून बायकोचं डोकं पुन्हा मांडीवर घेतलं आणि गाडी पाण्यात उतरली. पहिला गिअर, ॲक्सिलरेटरवर पाय एकसारखा दाबलेला. फरशीची कडा कुठे संपते ते दिसत नव्हतं, योगेंद्र नुसत्या अंदाजाने स्टिअरिंग धरून होता. दाराच्या फटीतून पाणी पायाशी आलं. वाहून आलेला केळीचा खांब धाडकन दारावर आपटला. उघड्या पाइपने इंजिन असं डरकाळत होतं की कानठळ्या बसाव्यात. आणि मधोमध ते एकदा अडखळलं. योगेंद्रने डोळेच मिटून घेतले. देवाचं नावसुद्धा आठवेना. मग ते पुन्हा ओढायला लागलं आणि पुढची चाकं चढाला लागली.

वर रस्ता कोरडा ठणठणीत होता. यावल अजून लांब होतं, तरी दोघांनी श्वास सोडला.

"आता जरासा कमी कर तो आवाज," रुपचंद म्हणाला. "तिचं डोकं फुटेल अशानं."

योगेंद्रने पाय सैल केला. गाडी शांत झाली, तशी मागे कमलबाई काहीतरी पुटपुटली. जीभ जड झालेली, शब्द एकमेकांत अडकलेले. रुपचंदने कान तिच्या ओठांशी नेला आणि तसाच राहिला.

"काय म्हणते?"

रुपचंदने तिच्या पापणीला बोट लावून पाहिलं.

"नाना, काय म्हणते माय?"

"तिचे डोये मिटले रे. उघडता येत नाहीत तिले. म्हणते, आवाज बंद झाला का मले वाटते मी मेली. चालू ठेव म्हणते."

योगेंद्रने पाय पार खालपर्यंत दाबला.