एका बोटाचं बोलणं

न्हावा शेव्याला आयुष्यभर ट्रेलर चालवलेल्या अब्बांचं पक्षाघातानंतर फक्त एक बोट हलत होतं. सफूराने त्या बोटाखाली बटण ठेवून ते लॅपटॉपला जोडलं. पडद्यावर चौकोन मांडून ते रेषांनी जोडले की तिचा प्रोग्रॅम तयार व्हायचा. अब्बांनी बटण दाबलं की लॅपटॉप 'हो' म्हणायचा.

"अब्बा, चहा?"

"हो."

पण मध्येच कधीतरी तो "हो, हो" असं दोनदा बोलायचा. सफूराने एकेक रेष काढून पाहिली, प्रत्येक चौकोनापाशी सिग्नल तपासला. कुठेच चूक सापडेना. शेवटी वैतागून तिने मध्ये एक नवा चौकोन टाकला, लागोपाठ येणारा दुसरा सिग्नल गिळून टाकणारा. मग लॅपटॉप एकदाच 'हो' म्हणू लागला.

तिचा निकाह ठरला, तेव्हा शहजादभाई कतारहून आला आणि अब्बांच्या उशाशी बसला.

"अब्बा, सफूरा सासरी जाणार, मी तिकडे. करंजाड्याला एक चांगलं केअर सेंटर आहे. तिथे राहाल ना?"

"हो," लॅपटॉप म्हणाला.

अब्बांचे डोळे भरून आले. "बघ, किती समजून घेतात," भाई म्हणाला.

अब्बांना तिथे सोडून सफूरा निघाली, तर दारात सुनीता सिस्टर भेटल्या. पूर्वी हॉस्पिटलमध्ये त्याच अब्बांना बघायच्या.

"बोट हलतंय ना अजून? डिस्चार्जच्या गडबडीत तुम्हाला सांगायचं राहिलंच बघा."

"काय सांगायचं?" सफूराने विचारलं.

"मी शिकवलं होतं त्यांना. एकदा दाबलं की हो, दोनदा दाबलं की नाही."