रंगीत तालीम

लकव्याच्या झटक्यावरचे तातडीचे उपचार आता गावातल्याच हॉस्पिटलात मिळणार होते, म्हणून तिथे रोज रंगीत तालीम चालायची. पेशंट व्हायचे जुने वॉर्डबॉय, सगळ्यांचे काका. तोंड वाकडं करून, हात लुळा सोडून ते असं काही सोंग वठवायचे की विचारू नका. आणि तालीम संपली तरी चहा आल्याशिवाय उठायचे नाहीत.

आज स्ट्रेचरवर आडवे होताच त्यांचा उजवा हात खरंच गेला. "हे सोंग नाही!" असं ते जिवाच्या आकांताने सांगू पाहत होते, पण तोंडातून नुसतं बोबडं बाहेर पडत होतं. "वा काका, आज तर कमाल केलीत!" म्हणत डॉक्टर स्ट्रेचरसोबत धावले. त्यांनी स्कॅन केल्यासारखं केलं, रिकामी सिरिंज काकांच्या दंडाला टेकवली आणि टाळ्या वाजवल्या. "आता खरा पेशंट येऊ दे, हातचा जाणार नाही!" काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यालाही टाळ्या पडल्या.



सिस्टरांनी चहाचा कप त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला, "सोंग संपलं की घ्या हो काका," म्हणाल्या आणि जाताना खोलीतला दिवा मालवला.