दिनकर असा नाय

‘आपला दिनकर असा नाय,’ शकू म्हणाली. तिच्या ब्रशवरून पीतांबराचा पिवळा रंग जमिनीवर टपटप गळत होता, तिकडे तिचं लक्षच नव्हतं. ‘कोणी लिवलं हे?’

विचारायची गरज नव्हती. आठवडाभर वही कोणाकडे होती, ते हमरापुरातल्या त्या गणपतीच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. वही किमयाकडे होती. किमया म्हणजे मालकीणबाई चंद्रावतीची सून. रोह्याजवळच्या अष्टमी गावाहून लग्न होऊन आली, त्याला अजून वर्ष व्हायचं होतं.

वहीचं असं झालं होतं. रेडिओवर दुपारी वसू आणि दिनकर या नवराबायकोची मालिका लागायची. ती मध्येच बंद पडली, तेव्हा या बायांनी रेडिओला चार शिव्या घातल्या आणि गोष्ट आपल्या हातात घेतली. दोनशे पानी वही आणली, ती भरली की दुसरी. आठवडाभर एकीने वही घरी न्यायची आणि पुढचा भाग लिहायचा, सोमवारी हौसाने तो मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी रंगवता रंगवता ऐकायचा. चार वर्षांत वसूला दोनदा साप चावला, दोनदा ती वाचली. तिचा हरवलेला भाऊ थेट दुबईत सापडला. तिच्या खाष्ट सासूला एका सोमवारी अचानक सुबुद्धी झाली. कशालाच कोणी नाक मुरडलं नाही. नियम दोनच होते. वसू मरायची नाही, आणि दिनकर वाईट निघायचा नाही. दिनकर सगळ्यांचाच होता. घरच्या माणसाकडून जे मिळालं नाही, ते त्याच्याकडून मिळायचं.

आणि किमयाने लिहिलं होतं, की वसू नको म्हणते तरी दिनकर ऐकत नाही. ती हात जोडते तरी ऐकत नाही. रोजच ऐकत नाही. सकाळी गोड बोलून चहा मागतो, आणि वसू न्हाणीत बसून अंगावर पाणी ओतत राहते. बस, एवढंच. जेमतेम दीड पान.

‘नवराच हाय ना तिचा,’ हौसा वही मिटत म्हणाली. ‘त्यात लिवण्यासारखं काय?’

सहा बाया होत्या, पण कोणी कोणाकडे बघेना. जिने तिने आपापल्या मूर्तीत डोकं घातलं.

किमया फक्त सासूकडे बघत होती. तिने ते लिहिलं होतंच मुळी सासूसाठी. तिचा नवरा प्रणित दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, रोह्याच्या कंपनीत कायम नोकरीला होता. अशा नवऱ्याबद्दल तक्रार ती काय करायची? माहेरी आईच्या कानावर घालून पाहिलं, तर आई म्हणाली, होईल गो सवय. राहिली सासू. ती मायेची होती. न्हायच्या दिवशी स्वतः सुनेच्या केसांना तेल चोळायची, कालवणातला मोठा तुकडा तिच्या ताटात घालायची. आणि प्रणित आईच्या शब्दाबाहेर नव्हता. ती एकदा बोलली असती तर तो थांबला असता, याची किमयाला खात्री होती. पण सासूला तोंडाने सांगायचं कसं? नवऱ्याच्या असल्या वागण्याला तिला शब्दच माहीत नव्हता. म्हणून तिने ते बिचाऱ्या दिनकरच्या नावावर घातलं होतं.

चंद्रावती डोळे आखत होती. मूर्तीचे डोळे तीच आखायची, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायची नाही. तिने डोळा पुरा केला. मग ब्रश धुतला, पुसला, उठली, हौसाच्या हातातून वही घेतली आणि ती पानं फाडून रंगाच्या डबड्याखालच्या रद्दीत सारली.

‘परत लिव गो, किमया,’ ती म्हणाली. ‘दिनकर तिला माथेरानला नेतो, असं लिव.’

बायांचा जीव भांड्यात पडला. किमयाने तिथेच बसून लिहिलं. माथेरानला दिनकरने वसूला घोड्यावर बसवलं, थंडी वाजते म्हणून आपली शाल दिली. हौसाने जेवणानंतर ते वाचलं, तेव्हा शकूने पदराने डोळे टिपले. ‘हा आपला दिनकर,’ ती म्हणाली. किमयाही सगळ्यांबरोबर हसली.

संध्याकाळी बाया घरी गेल्या. सासूसुना ओल्या रंगाच्या मूर्तींवर धूळ बसू नये म्हणून कापडं टाकत होत्या. आता नाही तर कधीच नाही, असं किमयाला वाटलं. प्रणितची गाडी कासू स्टेशनापर्यंत आली असेल, तासाभरात तो दारात उभा राहील.

‘आई, ते दिनकरचं नव्हतं,’ ती म्हणाली. ‘ते आमचं होतं. तुम्हाला ठाऊक नाय, म्हणून लिवलं.’

चंद्रावतीने हातातलं कापड नीट पसरलं. चारी कोपरे ओढून घेतले. तिने वर पाहिलं नाही.

‘तुमच्या नि माझ्या खोलीमधली भिंत नुसती कुडाची हाय, गो.’

किमया उभी होती तिथेच खाली बसली. म्हणजे पहिल्या दिवसापासून. म्हणजे ती रडत होती तेव्हा, तोंडात पदर कोंबत होती तेव्हा, हातभर अंतरावर ही बाई जागी होती. ते तेल, तो मोठा तुकडा, ती सगळी माया कशापायी होती, ते तिला आत्ता कळलं, आणि तिला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

‘मग तुम्ही कधी बोलला का नाय?’ तिने विचारलं.

चंद्रावती तिच्याजवळ येऊन बसली.

‘तुझ्या खोलीत मी होते,’ ती म्हणाली, ‘तवा भिंतीच्या पल्याड माझी सासू निजायची.’