पाध्येबाईंची खुर्ची

"इंदूताई," भिंतीत बसवलेला यांत्रिक हिशेबनीस बोलला, "पाध्येबाईंचं रोज येऊन बसणं तोट्यात जातंय. चहा, जागा, शिवाय तुमचा वेळ. उद्यापासून त्यांच्यासाठी दुकानाचं दार उघडणार नाही."

इंदूताईंनी शिलाई मशीन थांबवलं. सकाळपासूनच्या ब्लाउजांनी मान आखडली होती. समोरच्या खुर्चीतल्या पाध्येबाई हातातला कप तसाच ठेवून उठायला लागल्या.

"बसा हो, बाई." इंदूताई भिंतीकडे वळल्या. "दुकान काढल्यापासून माझा पगार किती धरलास रे?"

"शून्य. तुम्ही कधी घेतलाच नाही."

"मग यांचं येणं माझा पगार म्हणून त्या खात्यात टाक."

हिशेबनीसाने तशी नोंद केली. "हा पगार फारच कमी होतो, ताई."

इंदूताईंनी सुईत दोरा ओवला.

"पुरतो," त्या म्हणाल्या.