त्रयोदशीची भरती

"तेरा पाऊणे?" नम्रताने विचारलं.

"पावणेदहा," रिया म्हणाली. पण पेन्सिल तिने खाली ठेवली नाही.

नम्रताला तिथेच कळायला हवं होतं. एरवी उत्तर आलं की पोरगी पेन्सिल अशी भिरकावायची, की ती टेबलाखाली गडगडत जायची.

भिंतीवर वेळापत्रक होतं. आठला पाढे, नऊला मराठी, दहाला निरीक्षण, मग पेज आणि खेळ. खेळ घरापुढच्या खळ्यातच. देवबागेत घराच्या एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. कुठल्याही दाराने बाहेर पडा, पुढ्यात पाणीच. अभ्यासाचं टेबल नम्रताने असं लावून घेतलं होतं, की चुलीपाशी उभं राहूनही दोन्ही दारं दिसावीत. दोन वर्षं ही घरची शाळा चालली होती. होमस्टेला उतरणाऱ्या पाहुण्यांना केवढं कौतुक! "आईच बीएस्सी म्हटल्यावर काय!" म्हणत ते वेळापत्रकाचे फोटो काढून न्यायचे.

खरी शाळा का सुटली, हे त्यांना कोण सांगणार? रिया दुसरीत होती. मधल्या सुट्टीत कुणीतरी तिला म्हणालं, "तुझो बापूस आपणहून गेलो पाण्यात." घरी आल्या आल्या तिने विचारलं. नम्रताचा हात भातात होता. तो न थांबवता ती म्हणाली, "काहीतरीच. तू चार वर्षांची होतीस. सकाळी सातला बाबा खाडीत पाग टाकून मासे धरायला गेले. पाय घसरला. ओहोटी होती, पाण्याने ओढून समुद्रात नेलं."

दुसऱ्या दिवशी दप्तर खुंटीवर चढलं. त्याच खुंटीवर, जिथे नवऱ्याचा, मंगेशचा, पाग तो गेला त्या सकाळी कोरडा ठणठणीत लटकत होता.

"शाळेत परत कधी?" रिया दर सोमवारी विचारायची.

"सगळं बरोबर यायला लागलं की," नम्रता दर सोमवारी सांगायची.

पाऊणकी, म्हणजे पाऊणपटीचा पाढा, रियाला भाईंनी शिकवली. भाई म्हणजे मंगेशचे वडील. उभा जन्म खाडीत गेलेला. पडवीत जाळं सांधता सांधता ते नातीला सांगत, "तिथीची पाऊणकी कर. जितके वाजतीत, तेवां भरती पुरी. थंयसून सा तास ओहोटी. आणि आईक इचारू नको हां. ती फोंडाघाटची. पाणी नळाक येता, तेवढाच तिका म्हायती."

नम्रताही हसायची. माहेरच्या ओढ्याला पाणी एकाच दिशेने वाहायचं, हे खरंच होतं. पण भाईंचा हिशेब तिला फार आवडला. पाढे, पंचांग, भूगोल, सगळं एका घासात. तिने तो लगेच निरीक्षणाच्या तासाला घेतला. गेला महिनाभर रिया रोज भरतीची वेळ काढायची, मग आईचं बोट धरून खाडीच्या काठाला रोवलेली काठी बघून यायची. एकदाही चुकली नव्हती.

आज मात्र तिने वहीत पावणेदहा लिहून शेजारी त्रयोदशीची भरती असंही लिहिलं.

"पण आज कुठे त्रयोदशी?" नम्रताने विचारलं.

"आजची नाय." तासाला पुस्तकातलं मराठी बोलायचं असा नियम होता. रिया तो आज पहिल्यांदा विसरली. "बाबांची. आपण तेंचा श्राद्ध तेरसेक घालतो मां? म्हणजे त्या दिवशी पावणेदहाक भरती पुरी." तिने वहीवर बोट ठेवलं. "म्हणजे सात वाजता पाणी आत येत होता. मगे आई, बाबांका भायर समुद्रात कोणी ओढून व्हेल्यान?"

पडवीतली सुई थांबली.

नम्रताने भाईंकडे पाहिलं. ही गोष्ट तिने किती जणांना सांगितली होती! नातेवाइकांना, पाहुण्यांना, शाळेतून विचारायला आलेल्या बाईंना. दर वेळी भाई मान खाली घालायचे. बापाचं दुःख, असं ती समजायची. आता तिला कळलं. देवबागचं शेंबडं पोरही अशी थाप मारण्याआधी तिथी बघून घेतं. म्हाताऱ्याने दर वेळी चुकीची ओहोटी ऐकली होती आणि गिळली होती.

"भाई, सांगा ना तिला," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "चुकलंय ना गणित?"

भाईंनी सुई जाळ्यात खोचली. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि समुद्राकडच्या दाराने बाहेर पडले. मंगेशच्या चपला त्याच दाराबाहेर मिळाल्या होत्या. वाळूत, शेजारी शेजारी, समुद्राकडे तोंड करून.

नम्रताने लाल पेन उचललं. दोन वर्षांत तिने बरोबर गणितावर कधी फुली मारली नव्हती.

मारली.

"चुकलं. परत कर."

रियाने फुलीकडे पाहिलं. ओठ हलवत तेरा पाऊणे पुन्हा एकदा मोजले. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. अंथरुणावरच्या आजारी माणसाकडे बघावं तसं. मग खोडरबर घेतला आणि पावणेदहा खोडून टाकले. त्या जागी वळणदार अक्षरात लिहिलं: सात वाजता ओहोटी. वही आईपुढे सरकवली.

नम्रताच्या हाताने बरोबरची खूण केली.

रियाने रबराचा चुरा फुंकला आणि खुंटीवरच्या दप्तराकडे बघितलं.

"आता माका शाळेत धाडशीत?" ती म्हणाली. "कोणी इचारल्यान, तर मी थंय पण असाच सांगीन."